मुकी होडी

कोयनेच्या पाण्यापलीकडच्या शाळेत मी शिकवते. मला रोज सोडणारे काका मासेमारी करतात. त्यांची जुनी लाकडी होडी डिझेल फार प्यायची. नवी फायबरची हलकी आहे, निम्म्यात भागते. तरी काका इंजिन हळूच चालवतात.

"आवं बाई, डिझेल काय धरणातनं येतंय व्हय?"

निघताना मात्र ते बोटांनी तळ ठोकून कान देतात.

"लाकूड आदी कुरकुरतंय, मग फुटतंय. ही मुकी हाय, सांगायची न्हाई."

काल मध्यावर त्यांनी इंजिन बंद करून तळ ठोकला. पुन्हा ठोकला. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. त्यांनी अंगातलं लाइफ जॅकेट काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच इंजिन पूर्ण जोरात सोडलं.