साहेबरावांचा तक्ता

साहेबराव सव्वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत चाकांचे बोल्ट आवळत आले होते. बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा त्यांचा टॉर्क पाना जुना, त्याच्यावर आकडे किलोचे. समोरच्या कागदावर मात्र न्यूटनचे. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने सांगितलं होतं, "किलोला दहाने गुणायचं भावा, विषय संपला." साहेबरावांचा विषय तेव्हाच संपला. त्यांनी आवळलेलं एकही चाक कधी निखळलं नाही, त्यामुळे त्या दहावर शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी दीक्षा इंजिनीअरिंगच्या सीईटीत थोडक्यासाठी हुकली. एककांची रूपांतरं करताना घोळ झाला म्हणून ती दोन दिवस रडत होती. झालं, बापाच्या अंगात बळ आलं! बाकीचं फिजिक्स साहेबरावांच्या डोक्यावरून जाई, पण एककं म्हणजे घरचं काम. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने तक्ता लिहिला आणि निगडीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. किलो म्हणजे दहा न्यूटन. इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर. हॉर्सपॉवर म्हणजे साडेसातशे वॅट. रोज सकाळी दाढी करता करता ते विचारायचे आणि दीक्षा पोहे खाता खाता खणखणीत उत्तरं द्यायची. "पोरीला घास तरी गिळू द्या," असं त्यांची बायको सोजरबाई रोज म्हणायची. दहा महिन्यांत एका दिवसाचाही खाडा झाला नाही.

परीक्षेचं केंद्र ताथवड्याच्या एका कॉलेजात होतं. दीक्षा आत गेली आणि साहेबराव फाटकाबाहेर झाडाखाली बसले. शेजारी एक बाई आपल्या मुलीची वही चाळत होत्या. साहेबरावांना राहवलं नाही.

"एककं असतील तर विचारा काहीही," ते म्हणाले. "आपण घरीच तयारी करून घेतलीय."

बाईंनी पान उलटलं. "एक किलो वजनाचं बल म्हणजे किती न्यूटन?"

"दहा."

"इथं नऊ पॉइंट आठ आहे हो."

"लिहिताना चुकली असेल पोर," साहेबराव हसून म्हणाले. "इंच विचारा. पंचवीस."

"पंचवीस पॉइंट चार."

हॉर्सपॉवरचं त्यांनी अगदी हळू सांगितलं. वहीत सातशे शेहेचाळीस होतं. खाली छापील कागद चिकटवला होता, त्यातही तेच. एका सराव प्रश्नात पाच किलोचं वजन दिलं होतं आणि पर्यायांत एकोणपन्नासही होते, पन्नासही होते.

साहेबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी आत पन्नासवर बोट ठेवणार. ठेवणारच, आपणच तिच्याकडून घोकून घेतलंय. अजून दोन तास बाकी होते आणि तिचा फोन तर बाहेरच ठेवायला लावलेला. ते उठून फाटकाशी गेले.

"एकच निरोप द्यायचाय. एकच आकडा."

वॉचमन त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, आत परीक्षा चालू आहे. मला घरी बसवता का?"

ते परत झाडाखाली आले. आपल्याच हातांकडे बघत बसले. याच हातांनी तक्ता लिहिला होता. वर्षभर पोर मैत्रिणींकडे गेली नाही, मामाच्या लग्नाला गेली नाही. यंदाही हुकलं तर ती ट्रेनी म्हणून कुठल्या तरी लाइनवर उभी राहणार, त्यांच्यासारखीच. आणि तेही आपल्यामुळे. दोन तास ते नुसते फाटकाकडे बघत होते.

दीक्षा बाहेर आली. साहेबराव तिच्याकडे धावले.

"पप्पा, काय झालं? घाम केवढा आलाय!"

"पोरी, किलोचे दहा नसतात. नऊ पॉइंट आठ असतात. मी तुला सगळं चुकीचं शिकवलं."

दीक्षा खाली बघायला लागली. "मला माहितीय," ती हळूच म्हणाली. "सप्टेंबरमध्येच क्लासच्या सरांनी सांगितलं."

"आणि रोज सकाळी मला दहा म्हणत होतीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने तक्ता लावलेला... माझ्याच्याने सांगवेना."

साहेबरावांचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. एक नवीनच शंका त्यांच्या मनात आली. सप्टेंबरपासून ही आपलं मन राखायला हो म्हणत होती. मग आणखी कशाकशाला असंच हो म्हणाली असेल? पार्किंगमध्ये येऊन त्यांनी स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"दीक्षा, खरं सांग. इंजिनीअर व्हायचं, हे तरी तुझं आहे ना? का तेही माझ्यासाठीच?"

दीक्षा मागे बसता बसता थांबली.

"माझंच आहे, पप्पा. नाहीतर आत तुमचे दहाच लिहून आले नसते का?"