सव्वादोन किलोंचं घर

पार्सल ऑफिसात सगळे त्यांना काटेबाई म्हणत. सव्वीस वर्षं वजनकाट्यामागे बसल्यामुळे खोकं नुसतं हातात घेतलं तरी त्या आकडा सांगत. सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकायची, डोंगर गाठायचा आणि ताडपत्रीखाली रात्र काढायची, हा त्यांचा शिरस्ता. नवरोबांचं केस कापायचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बोलणारा हा गृहस्थ लग्नानंतर स्वतःच्या गादीशिवाय कुठे झोपला नव्हता.

तेच नवरोबा एका सकाळी दाढी करता करता म्हणाले, "या खेपेला मीही येतो."

"कुठे?"

"डोंगरात. इतकी वर्षं कुणाबरोबर पळून जातेस ते तरी बघू."

बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. पण एवढी एक रात्र बिघडली तर हा माणूस जन्मात पुन्हा यायचा नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून निवारा त्याच्या पसंतीचा हवा. शिवाय बाईंच्या गुडघ्यांना झेपणारा, म्हणजे फार तर सव्वादोन किलोंचा.

डोंगरभटक्यांच्या सामानाच्या दुकानातून टांगायची झोळी आणि तंबू भाड्याने आले, ताडपत्री घरचीच होती. गच्चीवर परीक्षा सुरू झाली.

ताडपत्रीखाली नवरोबा दोन मिनिटं बसले. "अगं, याला भिंती कुठायत? मुंग्यांना काय आमंत्रण दिलंयस?"

झोळी टाकीच्या खांबांना बांधली. नवरोबा एका बाजूने चढले आणि दुसऱ्या बाजूने थेट खाली.

"भावोजी, पोचलात का?" समोरच्या गच्चीतून शेजारीण ओरडली.

"नाही वहिनी, अजून प्रवासातच आहे!"

मग तंबू. आत बसल्यावर डोकं छताला लागेना. नवरोबांनी चेन अकरा वेळा वरखाली केली. "हे खरं घर! यात माणसाला पायजमा बदलता येतो."

नवरोबांनी आवरून पिशवीत भरलेला तंबू बाईंनी घरच्या काट्यावर ठेवला. तीन किलो. पाऊण किलो जास्त! त्यांचा चेहरा उतरला, आणि लगेच उजळला. पॅकिंग वजा करायचं राहिलं होतं! मालाचं वजन वेगळं आणि वेष्टणाचं वेगळं, हे सव्वीस वर्षं अंगात मुरलेलं. मोठी पिशवी काढली. आतली लांबोडकी पिशवीही न उघडताच काढली. उरले बरोबर सव्वादोन किलो. आनंदाच्या भरात त्यांनी काट्यालाच थोपटलं.

शनिवारी दुपार कलताना दोघं माथ्यावर पोचले. तंबू पसरला. तो पसरलेलाच राहिला.

"याच्या दांड्या?" नवरोबांनी विचारलं.

बाईंनी सॅक उलटी करून झटकली. "अहो... वजा केल्या."

नवरोबांनी आधी तंबूकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि ते मटकन गवतात बसले, हसून हसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सव्वीस वर्षं लोकांच्या खोक्यांतून काय काय वजा केलंस गं?"

शेवटी बाईंच्या चालायच्या दोन काठ्या दारापाशी उभ्या केल्या आणि बाकीचं कापड अंगावर लोंबू दिलं. आत बसणं अशक्य. नवरोबा आडवे पडूनच पायजम्याशी झटत होते.

"तुझा पाय काढ गं!"

"तो तुमचाच आहे!"

"असं होय? पुढच्या वेळी..." ते धापा टाकत पुढे बरंच काही बोलले. बाईंनी त्यातलं एक अक्षरही ऐकलं नाही. 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकून त्या लोंबत्या कापडाखाली खुदुखुदु हसत सुटल्या होत्या.