शिरक्याचा बोळा
चायनीजच्या गाडीवरून शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास आला की मला परतूरकडची ती गुड फ्रायडेची दुपार आठवते. लहानपणापासून देवाशी माझं एकच भांडण होतं, की मला दोन हजार वर्षं उशिरा का जन्माला घातलंस. येशूला खिळलं त्या कालवरीच्या टेकडीवर मी असतो तर एकट्यानं अख्खी रोमी पलटण गोदावरीपार पळवली असती! त्या वर्षी आमच्या मंडळीनं चर्चमागच्या पडीक रानात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवलं. धाकटा मेव्हणा येशू झाला आणि मी, मिशांमुळं, शिपाई. ऊन असं, की सरडेसुद्धा छत्री मागत होते. मेव्हण्याला कडुनिंबाच्या वधस्तंभाला बांधलं होतं. तहानलेल्या येशूला शिपाई पाण्याऐवजी शिरका देतो, तसा काठीला शिरक्यात बुडवलेला बोळा लावून मी पुढं झालो, तर तो हळूच पुटपुटला, "दाजी, नाटक न्हाई, खरंच चक्कर येऊन राह्यली. पाणी द्या जल्दी." घागर दोन पावलांवर होती. तेवढ्यात वारा थांबला. पाच हजार माणसं, बरं, दोनशे असतील, एकदम चिडीचूप झाली, आणि कुणीतरी मनगट धरून उचलावं तसा माझा हात वर गेला. बोळा मी त्याच्या तोंडावर दाबला, आणि मला हसू आलं. त्याची मान लटकली. बायकांनी धावत येऊन दोर सोडले, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून तो एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही मला वळखलंच न्हाई." आजही दर रविवारी तो चर्चमध्ये माझ्याशेजारी बसतो. ही गोष्ट मी शंभर ठिकाणी रंगवून सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्याला पाणीच पाजलं आहे.