खाली वाली डिस्क

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की तो दिवस आठवतो. जुनी हार्ड डिस्क भरली होती, म्हणून तेलंगणातल्या इचोड्याहून दुसरी आणून दादानं आणि मी घरीच बसवली. विंडोज नव्या डिस्कवर टाकायची होती. तिथला तेलुगू दुकानदार फोनवर हिंदीत म्हणाला, “खाली वाली फॉर्मॅट करो.” मी सांगितलं, “दादा, खालची कर म्हनते.” स्क्रीनवरच्या यादीत खाली जुनीच होती. दादानं ती पुसली. वारलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज तिच्यातच होता. दुकानदाराला ‘खाली’ म्हणजे रिकामी म्हणायचं होतं. “मंग आईचा आवाज? नव्या डिस्कमंदी असंल ना?” दादानं विचारलं. “दोन्ही खाली हायेत,” मी म्हणालो. अजूनही मी त्या दुकानदारालाच शिव्या देतो. हिंदी तर मला लहानपणापासून येते.