ठकीची वाटी

ठकीने वाटीचा वास घेतला आणि पुढच्या पंजाने बाजूची फरशी खरवडली. नको असलेलं मातीत पुरून टाकावं, तशी. कालपासून तिने जेमतेम चाटलंय.

खालच्या मजल्यावरच्या मावशी मुलाकडे राहायला गेल्या आणि त्यांची ही मांजर माझ्याकडे आली. त्यांच्याकडे ती दूध-पोळीवरच वाढली. डॉक्टर म्हणाले, वजन फार झालंय, दूध-पोळी हळूहळू कमी करून मांजरांचं खाणं सुरू करा. म्हणून कुस्करलेल्या पोळीत मी त्या खाण्याचे थोडे दाणे मिसळते, तर ही आता पोळीलाही तोंड लावत नाही. भल्यासाठी म्हणून आपण कुणाच्या तोंडची चव काढून घेतो, तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय जातं, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

शेवटी घाबरून मावशींना फोन केला.

"अगं, तू तिच्याजवळ बसून जेवतेस ना?" त्यांनी विचारलं. "माझं ताट मांडल्याशिवाय ती कधी जेवलीच नाही."

मी एकटी. ओट्याशी उभ्यानेच दोन घास पोटात ढकलते. आज कितीतरी दिवसांनी ताट वाढून घेतलं आणि वाटीशेजारी जमिनीवर बसले. ठकी आली. एक दाणा तिने कुडकुड चावला, मग मान वर करून माझ्या ताटाकडे बघत राहिली.

मी घाईघाईने घास तोंडात घातला, तेव्हा कुठे तिने दुसरा दाणा उचलला.