बाबांच्या नूडल्स

लेकीला गहू चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून बस चालवणाऱ्या बाबांनी तिच्या आवडत्या चायनीज हॉटेलात जाणंच सोडलं. एका सुट्टीला मात्र त्यांनी कंबर कसली. सोया सॉसमध्येही गहू असतो हे कळल्यावर बिनगव्हाचा शोधून आणला, सोबत तांदळाच्या नूडल्स. पहिल्या खेपेला पार लगदा झाला. दुसऱ्यांदा त्यांनी नूडल्स जरा कच्च्याच उतरवल्या आणि कढई सणसणीत तापवून थोड्या थोड्या परतल्या.

लेकीने घास घेतला. "हॉटेलसारख्या नाही झाल्या."

"मग राहू दे गं."

"राहू दे काय? वाढा की अजून!"

वाढताना बाबांच्या लक्षात आलं, कितीतरी दिवसांनी आईसकट तिघांच्या ताटांत एकच जेवण होतं.