सुलभाताईंची परवानगी

मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. भुताखेताचा विषय निघाला की मी चहा सांगतो आणि विषय बदलतो. तरी हे लिहितोय... कारण आता पोटात ठेववत नाही.

नेर तालुक्यात आमची शाळा. ऑफिसात कॉम्प्युटर एक, वापरणारे सहा — आणि सहाही जण अॅडमिन! कमीपणा कुणालाच नको होता. आमच्या क्लार्क सुलभाताईंना मात्र ते पटेना. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या नावा-जन्मतारखांच्या नोंदवह्या, वाळवीनं खाल्ली, पण त्याआधी ताईंनी त्यांचं पान न् पान स्कॅन केलं होतं. तो फोल्डर अॅडमिनलाही फक्त पाहता यावा, पुसता येऊ नये, असा त्यांचा हट्ट.

"ताई, आपल्या शाळेत कोण चोर येणार?" मी चिडवलं.

"चोराचं भेव नाही मले, सर. घाईतल्या मास्तरचं हाय. सगळेच मालक झाले तं राखण कोण करन?"

मग 'सुलभा' नावाचं वेगळं अकाउंट केलं. त्याचा अर्धा पासवर्ड ताईंकडे, अर्धा हेडसरांकडे. दोघं शेजारी बसल्याशिवाय एक पान पुसता येत नसे. मी तेव्हा हसलो, पण बाई हुशार होती, मानलंच पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात ताई आजारानं गेल्या. त्यांचा अर्धा पासवर्ड बंद पाकिटात होता, तो हेडसरांनी स्वतःच्या अर्ध्यासकट मला दिला. मी फोल्डरचे सगळे हक्क माझ्या नावावर घेतले आणि 'सुलभा' अकाउंट काढून टाकलं. स्वतःच्या हातानं... हे लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर एका दुपारी अश्विनी आली, आमची जुनी विद्यार्थिनी.

"सर, दाखला हरपला माहा. उद्या यवतमाळले नर्सिंगची कागदपत्रं तपासून राह्यले, शेवटची तारीख हाय. नाही भेटला तं घरचे लग्नच लावून देतीन."

पोरगी रडायच्या बेतात. दुसरा दाखला द्यायचा तर स्कॅनमधली तिची नोंद हवी, आणि डिस्क भरल्यानं कॉम्प्युटर इतका रेंगाळत होता की एक पान उघडेना. मी म्हटलं, या फोल्डरची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेच, हा उडवू, जागा होईल, तिची नोंद कॉपीतून काढू. फोल्डर निवडला, कायमचा डिलीट दाबला.

स्क्रीनवर मेसेज आला — बदल करण्यासाठी 'सुलभा' यांची परवानगी हवी.

पुन्हा दाबलं. तेच. हक्क तपासले, मालक म्हणून माझंच नाव. तिसऱ्यांदा दाबलं, तेच! वैतागून म्हटलं, राहू दे, आधी नोंद तरी काढू. हार्ड डिस्क लावून पाहिली, तर आत फोल्डरच नाही. कॉपी करताना मी घाईत फोल्डरऐवजी डेस्कटॉपवरचा त्याचा शॉर्टकट टाकला होता. नुसती खूण, आत एकही पान नाही. डिलीट झालं असतं तर अश्विनीची नोंद गेली असती, आणि तिच्यासोबत शाळेतल्या सगळ्यांची.

मग मूळ फोल्डरच उघडला, वाट पाहत बसलो. पान उघडलं — ताईंचं ठसठशीत अक्षर, अश्विनीची जन्मतारीख. हेडसरांनी सही केली, पोरगी चारच्या एसटीनं गेली. अॅडमिशन झाली तिची.

दुसऱ्या दिवशी अगदी तसाच दुसरा फोल्डर करून पाहिला. मुकाट्यानं डिलीट झाला. काढून टाकलेल्या अकाउंटचं नावही मेसेजमध्ये दिसत नसतं, नुसते आकडे दिसतात. अमरावतीचा इंजिनियर मित्र म्हणाला, "तूच कायतरी विसरला असशीन." असेन. पण काय विसरलो, ते अजून सापडलेलं नाही.

हेडसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, पहिले तुमचा हक्क काढा."

काढला. पुन्हा वेगळं अकाउंट केलं, पासवर्ड अर्धा हेडसरांकडे, अर्धा नव्या क्लार्कबाईंकडे. नाव काय द्यायचं, हे मी विचारलंसुद्धा नाही. सरळ 'सुलभा' टाइप केलं.